मुलगा फुटबॉलचा कोच व्हायला निघाला, आणि पहिल्याच वर्षी सगळा ताफा घरी बसला

टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका आईचं हे पत्र. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, प्रश्न तोच आहे.

"मुलगा २४ वर्षांचा, इथेच जन्मला. स्टॅटिस्टिक्समध्ये डिग्री घेतली. शिकत असताना विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या व्हिडिओ विभागात तीन वर्षं राबायचा. आम्हाला वाटलं, हौस आहे. पास झाल्यावर एका विमा कंपनीत लागला. सव्वा वर्षात ती नोकरी सोडून दुसऱ्या राज्यातल्या एका कॉलेजच्या संघात 'ग्रॅज्युएट असिस्टंट' म्हणून गेला. मास्टर्सची फी माफ, हातात महिन्याला जेमतेम बाराशे डॉलर. तेव्हापासून त्याचे बाबा त्याच्याशी कामापुरतंच बोलतात. नातेवाइकांना मी 'एमएस करतोय' एवढंच सांगते. आता नोव्हेंबरअखेर संघाच्या मुख्य कोचला काढलं. नवा कोच आपली माणसं घेऊन येणार म्हणे. मुलगा घरी आलाय, वरच्या खोलीत दिवसभर फोन आणि लॅपटॉप घेऊन बसलेला असतो. जुनी कंपनी परत घ्यायला तयार आहे, ३१ जानेवारीपर्यंत कळवायचंय. बाबा म्हणतात, देवानंच दार उघडलंय, आता तरी शहाणा हो. तो स्वतः कॉलेजच्या संघात कधी खेळलेला नाही, मग या धंद्यात त्याला कोण विचारणार? मी त्याला काय सांगू?"

ताई,

घरात हे बहुधा कुणी बोललेलं नाही, म्हणून आधी तेच सांगते. तुमच्या मुलाला त्याच्या कामावरून काढलेलं नाही. कॉलेज फुटबॉलमध्ये मुख्य कोच गेला की त्याच्यामागे त्याचा ताफाही उठतो. आपल्याकडे मंत्री बदलला की खासगी सचिव, ओएसडी, स्वीय सहायक सगळ्यांची टेबलं रिकामी होतात, तसंच. सचिव हुशार होता की आळशी, हे तिथे कुणी विचारत नाही. 'पहिल्याच वर्षी तोंडघशी पडला' असा जो सूर पत्रात आहे, तो कृपा करून सोडा. त्याला स्वतःला हे कळत असेलच, पण आईबापाच्या तोंडून ऐकणं वेगळं असतं.

आता ही वाट कशी आहे ते बघू. 'कोच' म्हटलं की टीव्हीवर कानाला हेडसेट लावून येरझाऱ्या घालणारा एक माणूस डोळ्यांसमोर येतो. त्याच्या मागे अख्खा कारखाना चालतो. सगळ्यात खाली व्हिडिओची पोरं आणि विद्यार्थी मदतनीस. त्यांच्यावर ग्रॅज्युएट असिस्टंट. मास्टर्स करता करता साधारण दोन वर्षं पडेल ते काम करायचं: पुढच्या शनिवारी समोर येणाऱ्या संघाच्या चाली कार्डांवर काढायच्या, व्हिडिओचे तुकडे करून खुणा करायच्या, सरावात राखीव पोरांना जागेवर उभं करायचं. मग ॲनालिस्ट किंवा क्वालिटी कंट्रोलची पायरी, म्हणजे व्हिडिओ आणि आकडे तपासून कोचला माहिती पुरवायची. त्यानंतर पोझिशन कोच, म्हणजे एकाच जागेच्या खेळाडूंचा कोच, ज्याच्या हाताखाली दहा-पंधरा पोरं आणि एक स्वतःची खोली असते. मग अख्खं आक्रमण किंवा अख्खा बचाव सांभाळणारा कोऑर्डिनेटर, आणि टोकाला मुख्य कोच. तिथवर बहुतेक जण कधीच पोचत नाहीत, आणि त्यात कमीपणाही नाही.

म्हणजे तुम्ही जिला हौस म्हणता, ती तीन वर्षं त्यानं उमेदवारी केली. विम्याची नोकरी हा मधला फाटा होता. मुलगा वाट सोडून गेला असं तुम्हाला वाटतंय, मला तर तो वाटेवर परत आलेला दिसतोय.

तुमचा दुसरा समज: जो खेळला नाही, त्याला कोण विचारतो? एक मोठं उदाहरण देते. माइक लीच कॉलेजच्या फुटबॉल संघात खेळलेले नव्हते. त्यांनी कायद्याची पदवी घेतली, वकिली केली नाही, आणि १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजात सहायक कोच झाले. मधल्या काळात फिनलंडमध्येही एक संघ सांभाळला. पुढे टेक्सास टेक या विद्यापीठाचे दहा हंगाम मुख्य कोच राहिले, मग वॉशिंग्टन स्टेट, मग मिसिसिपी स्टेट. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या चेंडू हवेत फेकण्यावर बेतलेल्या आक्रमणाची नक्कल देशभरातले संघ करत होते. तुमच्या घरी टेक्सासमध्ये टीव्हीवर त्यांचा संघ नक्कीच दिसला असेल. तेव्हा न खेळल्यानं दार बंद होत नाही. खेळलेल्या माणसाला ओळखी आयत्या मिळतात, न खेळलेल्याला त्या कामातून कमवाव्या लागतात, फरक असला तर तेवढाच आहे. आणि आपल्यासारख्या नावाच्या माणसाचं तिथे काय, ही शंका मनात असेल तर संजय लाल हे नाव शोधून बघा. कॅलिफोर्नियातल्या कॉलेजांतून सुरुवात करून त्यांनी जेट्स, काउबॉईज, सीहॉक्स अशा व्यावसायिक संघांच्या चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंना शिकवलं आहे.

ओळखींचा विषय आलाच आहे तर माझं मुख्य म्हणणं इथेच सांगते. कोल्हापूरच्या तालमीत नवा पोरगा आला की आधी विचारतात, 'कुणाचा पठ्ठा?' गाव, शिक्षण, वजन सगळं नंतर. कॉलेज फुटबॉलमध्ये नेमकं हेच चालतं. आपण मध्यमवर्गीय माणसं नोकरीत पद शोधतो, पर्मनंट आहे का विचारतो. या धंद्यात पदाला काडीची शाश्वती नाही. शाश्वती असते ती माणसांत: कुणाच्या हाताखाली शिकलास, शेजारच्या टेबलावर कोण होतं, आणि त्या दोघांना रात्री अकराला फोन करता येतो का.

जॉर्जियात व्हॅल्डोस्टा नावाचं एक लहान शहर आहे. तिथल्या दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे डिव्हिजन टूच्या संघाचं नाव तुम्ही कधी ऐकलं नसेल. माइक लीच तिथे पाच वर्षं होते, हॅल मम्मी या मुख्य कोचबरोबर. त्याआधी आयोवातल्या एका छोट्या कॉलेजात याच मम्मींच्या हाताखाली होते आणि १९९७ मध्ये मम्मींना केंटकीत मोठं काम मिळालं तेव्हा लीचही बरोबर गेले. एक वस्ताद, तीन तालमी. त्याच व्हॅल्डोस्टात २००० साली कर्बी स्मार्ट नावाचा तरुण मागच्या फळीचा कोच म्हणून आला. पुढच्या वर्षी पंचविशीतच अख्खा बचाव त्याच्याकडे आला. इतकं झाल्यावर त्यानं काय केलं असेल? ते पद सोडलं आणि फ्लोरिडा स्टेटमध्ये दोन वर्षं ग्रॅज्युएट असिस्टंट झाला. म्हणजे तुमचा मुलगा आज जिथे आहे, त्या पायरीवर खाली उतरला. २००४ मध्ये एलएसयूत, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठात, निक सेबन या मुख्य कोचच्या ताफ्यात त्याची वर्णी लागली. तिथे बचाव कोण सांभाळत होतं? व्हॅल्डोस्टातला त्याचा जुना सहकारी विल मसचॅम्प. पुढे अलाबामात सेबनबरोबर नऊ हंगाम, २०१५ च्या अखेरीस जॉर्जियाचं मुख्य कोचपद, आणि २०२१ व २०२२ च्या हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद.

ओरेगन विद्यापीठाचे आजचे मुख्य कोच डॅन लॅनिंग यांचंही असंच. मिझुरीत शाळेत शिकवत होते, २०११ मध्ये पिट्सबर्गला ग्रॅज्युएट असिस्टंट झाले. चार वर्षांत पोझिशन कोचपर्यंत चढले आणि २०१५ मध्ये अलाबामात पुन्हा ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून गेले. तेव्हा ते विशीच्या शेवटाला आले होते. आपल्या घरात कुणी असं केलं असतं तर आपण काय बोललो असतो, याचा विचार मी बराच केला.

ही मोठी नावं आहेत आणि यांच्यामागे हजारो नावं आहेत जी तुम्हाला-मला कधीच कळणार नाहीत, हे मी विसरलेले नाही. म्हणून या धंद्याची दुसरी बाजूही सांगते. ती मी जवळून पाहिली आहे.

माझ्या भाचीचा नवरा मध्य-पश्चिमेतल्या एका कॉलेजात पोझिशन कोच होता. नोव्हेंबरमध्ये आठवडाभर मी त्यांच्याकडे राहिले. खेळाडूंकडून आठवड्याला २० तासांहून जास्त काम घ्यायचं नाही असा नियम आहे, कोचला असा कुठलाच नियम नाही. रविवारी सकाळी सातला गेला तो रात्री साडेदहाला आला. जेवताना लॅपटॉप शेजारी. एकच खेळी पुढे-मागे करून तो दहा-बारा वेळा बघत होता. मी विचारलं, यात बघायचं काय इतकं? म्हणाला, "मावशी, त्या पोराचा उजवा पाय बघा." समोरच्या संघातला एक दांडगा खेळाडू, खेळी सुरू व्हायच्या आधी त्याचा उजवा पाय वीतभर मागे असला की चेंडू हवेत जाणार, सरळ असला की कुणीतरी घेऊन पळणार. तिसऱ्यांदा मला ते दिसलं. मग मीच पुढची खेळी ओळखली. त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी पगाराच्या आकड्यानं कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

आणि त्याच घराच्या गॅरेजमध्ये भाचीच्या अक्षरात 'किचन २' लिहिलेला एक खोका होता. तीन घरांपूर्वी बांधलेला, एकदाही न उघडलेला. सात वर्षांत चार राज्यं. ती नर्स आहे, नव्या राज्यात लायसन्सची कागदपत्रं नव्यानं करायची, मुलीची शाळा नव्यानं शोधायची. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. माझ्या त्या भेटीनंतर पंधरा दिवसांत मुख्य कोचला काढलं. सोमवारी सकाळी जावयाचं ओळखपत्र इमारतीच्या दाराला लागेना. सहा आठवडे तो घरी होता. नंतर काम मिळालं ते त्याच्या ग्रॅज्युएट असिस्टंटच्या दिवसांत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका मित्राच्या फोनमुळे. भाची म्हणते, "काम गेलं याचं दुःख नाही झालं मावशी, घर सजवायचं सोडून दिलं याचं झालं." हे तुमच्या मुलाला आज ऐकवून घाबरवू नका. पण तो ज्या मुलीशी लग्न करील तिला हे आधी कळायला हवं, आणि ते त्यानंच सांगायला हवं.

पैशाचंही तसंच, दोन टोकं. मोठ्या संघांतल्या काही कोऑर्डिनेटरांना वर्षाला २० लाख डॉलरच्या वर मिळतात आणि लहान कॉलेजांतला सहायक कोच जोडीला मैदानाची देखभालही करतो. एनसीएए या कॉलेज खेळांच्या देशव्यापी संघटनेखाली फुटबॉल खेळणारी कॉलेजं सहाशेहून जास्त आहेत. टीव्हीवर दिसणारी वरची श्रेणी त्यातली १३० च्या आसपास. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाडूंना खेळाची शिष्यवृत्तीसुद्धा देता येत नाही, यावरून तिथल्या पगाराचा अंदाज करा. सरकारी विद्यापीठांचे पगार सहसा जाहीर असतात. त्याच्या बाबांना आकड्यांची भाषा पटत असेल तर दोघांनी एक संध्याकाळ बसून ते काढावेत. एकमेकांवर न चिडता बोलण्यासारखा तो एक विषय आहे.

आता ३१ जानेवारी. देवानं दार उघडलं असं म्हणू नका, ताई. तुमच्या मुलानं त्या कंपनीत चोख काम केलं म्हणून ते उघडं आहे. जे दार कामानं उघडतं ते पुन्हाही उघडतं. त्यानं कंपनीला स्वच्छ विचारावं, एप्रिलअखेरपर्यंत मुदत मिळेल का? नव्या कोचचे ताफे बहुतेक जानेवारी-फेब्रुवारीत भरतात, वसंतातला पंधरा सरावांचा टप्पाही तोवर उरकतो, म्हणजे तेव्हा चित्र स्पष्ट असेल. कंपनी नाही म्हणाली तरी विचारण्यात काही गेलं नाही.

त्याआधी त्यानं आपलं नेमणुकीचं पत्र काढून वाचावं. फीमाफी कधीपर्यंत लिहिली आहे? मुख्य कोच गेल्यावर चालू सत्र तरी पूर्ण करता येतं का? मास्टर्स अजून अर्धवटच असेल. खेळाच्या कार्यालयापेक्षा विभागातल्या प्राध्यापकांकडे आधी जावं, फीमाफीची दुसरी सोय तिथे निघू शकते. आणि जो मुख्य कोच गेला त्याला फोन करावा. काम मागायला नको, आभार मानायला करावा. त्या माणसाचा फोन सध्या फारसा वाजत नसणार.

दर जानेवारीत अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन भरतं. व्याख्यानं होतात ती होतात, खरी भरती हॉटेलच्या लॉबीत चालते. तुम्हाला मदत करायचीच असेल तर त्याचं घरभाडं भरण्यापेक्षा या फेरीचं तिकीट काढून द्या. विम्याची काळजीही सध्या नको, २६ वर्षांचा होईपर्यंत तो तुमच्या आरोग्यविम्यावर राहू शकतो.

पर्यायांत मला सगळ्यात आशा वाटते ती त्याच्या स्टॅटिस्टिक्समुळे. पूर्वी ॲनालिस्ट मंडळींना सरावात खेळाडूंना शिकवायची मुभा नव्हती. २०२४ च्या जूनमध्ये वरच्या श्रेणीत ती बंधनं उठली. आता गावोगाव फिरून खेळाडू निवडायला मुख्य कोच आणि दहा सहायकच जाऊ शकतात, पण मैदानावर शिकवायला ॲनालिस्टलाही मोकळीक आहे. शिवाय २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला दोन कोटी डॉलरच्या थोडी वर आहे. कुणाला किती द्यायचे हे ठरवायला आकडे कळणारी माणसं लागणार. स्टॅनफर्डनं तर २०२४ मध्ये अँड्र्यू लक या आपल्या जुन्या खेळाडूला फुटबॉलचा जनरल मॅनेजर नेमलं. ज्या पोराला व्हिडिओही कापता येतो आणि आकडेही मांडता येतात, त्याची डिग्री वाया कशी गेली, तुम्हीच सांगा.

दुसरा पर्याय खाली उतरायचा: डिव्हिजन टू किंवा थ्री, पगार तुटपुंजा, पण चार पोरं तरी पूर्णपणे आपल्या हाताखाली. व्हॅल्डोस्टाची गोष्ट एवढी लांबवली ती याचसाठी.

आणि तिसरा तुमच्या घराजवळच आहे. टेक्सासमध्ये शाळेचं फुटबॉल म्हणजे काय, हे तुम्ही शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅफिकवरून जाणताच. शिक्षकाची पात्रता घेऊन शाळेत शिकवायचं आणि कोचिंग करायचं. बूड स्थिर राहतं, आणि मोठ्या शाळांच्या मुख्य कोचचा पगार अनेकदा लाख डॉलरच्या वर असतो. तिथून वरची वाटही बंद नाही. जेफ ट्रेलर गिल्मर या गावच्या शाळेत पंधरा वर्षं मुख्य कोच होते, २०१५ मध्ये कॉलेजात सहायक झाले आणि २०२० च्या हंगामापासून सॅन अँटोनियोच्या यूटीएसए या विद्यापीठाचे मुख्य कोच आहेत.

कंपनीत परत जाणं हाही पर्याय आहेच, आणि त्यानं तो निवडला तर ती हार समजू नका. फक्त घरातल्या अबोल्याला कंटाळून त्यानं तो निवडू नये. मुदत हवीच असेल तर ती त्यानं स्वतः घालून घ्यावी, समजा तीन हंगाम. दर हंगामाच्या शेवटी स्वतःला विचारावं की गेल्या वर्षी जे काम माझ्यावर सोपवत नव्हते, त्यातलं यंदा काही सोपवलं का? दोन वर्षं ओळीनं उत्तर 'नाही' आलं, तर त्याला बाबांनी सांगायची गरज उरणार नाही.

ज्यांची मुलं एफ-१ व्हिसावर अमेरिकेत शिकतात आणि ही वाट धरू बघतात, त्यांना मात्र सावध करते. सत्र चालू असताना कॉलेजात काम करायला आठवड्याला २० तासांचीच परवानगी असते, आणि हंगामात या कामाचे तास त्यात बसत नाहीत. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला विचारल्याशिवाय कुणाच्या तोंडी शब्दावर हो म्हणू नये.

राहिलं ते 'एमएस करतोय'. तुम्ही खोटं बोलत नाही, तो करतोच आहे. पण फोनवर तुम्ही मावशीला, आत्याला ते सांगता तेव्हा तो वरच्या खोलीत असतो आणि घराच्या भिंती पातळ असतात. पुढच्या वेळी 'फुटबॉलच्या संघात कोचिंग शिकतोय' असं म्हणून बघा. समोरची व्यक्ती दोन प्रश्न विचारील, तिसरा विचारणार नाही.

तीन वर्षं व्हिडिओ विभागात आणि एक हंगाम मैदानावर काढूनही त्याचं काम नेमकं काय असतं, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. मला वाटतं, तुम्ही दोघांनी ते कधी पाहिलेलंच नाही. कंपनीला उत्तर त्याचं त्याला लिहू द्या. तुम्ही आज रात्री जेवणं झाली की त्याच्या बाबांना घेऊन वर जा. लॅपटॉप उघडाच असेल. त्याला म्हणा, एक खेळी दाखव, आणि कुठे बघायचं तेही सांग.